भरताचे पाडस

भरताचे आख्यान मी ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात कितीतरी सप्ताहांत सांगितले. मानपाडा, सोनारपाडा, नांदिवली ही तेव्हा खरोखरीची गावे होती. दारात गाय-म्हैस असायची, कुत्राही असायचा, पण उंबऱ्याबाहेर. शेवटची भाकरी त्याची, राखणही त्याची, एवढाच व्यवहार. त्यामुळे राजाचा जीव पाडसात गुंतला आणि तो हरीण झाला, हे ऐकताना माना डोलत, पण ते कुणाला लागत नसे. आता त्याच जागी सात-सात मजले उभे राहिले. कुत्रा घरात आला, आणि म्हाताऱ्या माणसाला दिवसभरात ज्याच्याशी बोलावे असा पुष्कळ घरांत तोच एक जीव उरला. आता ते आख्यान लागते.

यंदा ज्येष्ठात आमच्या इमारतीतल्या अण्णांनी विचारले, "बुवा, पुढच्या जन्मी मी कुत्रा होणार का हो?" हसत विचारले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता. अण्णा कल्याणच्या लोकोशेडमधून निवृत्त झालेले. गळ्यात माळ, आणि निवृत्तीनंतर माउलींबरोबरची पायी वारी एकदाही चुकलेली नाही. कुत्री वहिनींनी पाळलेली. वहिनी गेल्या, ती राहिली. (तिच्यावरून सोसायटीत लिफ्टचे भांडणही होऊन गेले. जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे अशी बंदी घालता येत नाही, हे वाचून दाखवावे लागले. असो.) आता तिला १३ वे वर्ष. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिवसातून दोनदा गोळी, आणि ती अण्णांच्याच हातून घेणार. २० दिवस वारीला जायचे कसे? पैसे देऊन एके ठिकाणी ठेवून पाहिले, तर दोन दिवस तिने पाण्यालाही तोंड लावले नाही. त्यात दिंडीतले एक टाळकरी बोलून गेले, "कुत्र्यापायी पांडुरंग सोडता?"

अशा वेळी युधिष्ठिराचा कुत्रा पुढे करायची आपल्यात रीत आहे. नाहीतर तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणारे नामदेवराय आहेतच. मी दोन्ही दाखले दिले नाहीत. युधिष्ठिराचा कुत्रा शेवटी धर्म निघाला. नामदेवरायांना तर कुत्र्यात पांडुरंगच दिसत होता. अण्णांची कुत्री कुत्रीच राहणार. रात्री खोकणार, गादी ओली करणार, आणि एक दिवस जाणार. भरताचे पाडसही शेवटपर्यंत पाडसच राहिले, म्हणून इथे तोच दाखला कामाचा.

भागवताच्या पाचव्या स्कंधातली ती कथा सावकाश वाचावी. राज्य आणि मुलेबाळे टाकून भरत गंडकीकाठी राहिला होता. गाभण हरिणी पाणी पीत होती, सिंहाची गर्जना झाली, तिने उडी घेतली आणि पाडस प्रवाहात पडले. आई मेली. भरताने पाडस उचलून आणले. त्या उचलण्याला भागवताने दोष दिलेला नाही. दोष पुढे आहे, आणि व्यासांनी तो फार बारकाईने दाखवला आहे. आज एक नेम सुटला, उद्या दुसरा. पूजेला बसला तरी मधेच उठून पाडस कुठे आहे ते पाहायचे. ते दिसेनासे झाले की विलाप. अंतकाळी डोळ्यांपुढे तेच.

पुष्कळ जण आख्यान इथेच आवरते घेतात. पण तिसऱ्या जन्मी हाच जडभरत रहूगण राजाची पालखी वाहतो, तेव्हा पायाखाली जीव येऊ नये म्हणून पुढची बाणभर जमीन पाहून पाऊल टाकतो. पालखी हिंदकळते, राजा चिडतो. पाडसापायी एवढे होऊनही याने दया सोडलेली नाही. फक्त 'माझे' म्हणणे सुटले आहे.

मी अण्णांना विचारले, "हरिपाठ चुकतो का?"

"नाही. ती पायाशी येऊन बसते. टाळ खाली ठेवले की उठते."

"मग भरताचे भय धरू नका. पण 'माझ्यावाचून ती जगणार नाही' हे जे म्हणता ना, तेवढे सोडा. गोळी दुसऱ्याच्या हातून घ्यायची सवय लावा तिला."

पुंडलिकाचे नाव त्यांनी काढले. मी म्हटले, आईबाप आणि कुत्री एका तराजूत घालू नका. टाळकरीबुवांना मात्र मी विचारले, रिंगणात अश्व धावून गेला की टापांखालची माती कपाळाला लावता ना? अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. त्यातल्या एकावर स्वार नसतो, तिथे माउली बसल्या आहेत असा आपला भाव. त्या अश्वांना चारापाणी करणारा माणूस भजनाला उभा राहिला नाही, म्हणून त्याची वारी बुडाली का? ते काही बोलले नाहीत.

आषाढीला अण्णा पंढरपूरला गेले नाहीत. पहाटेची गाडी धरून, कुर्ल्याला बदलून वडाळ्याच्या विठोबाचे दर्शन घेतले आणि गोळीच्या वेळेला घरी आले. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा रोज येतो. पहिले पंधरा दिवस तिने त्याच्या हातची गोळी थुंकून टाकली. आता भाकरीत दडवून दिली की घेते. कार्तिकीला अण्णा चार दिवस जाणार आहेत, एसटीने. किल्ली त्या मुलाकडे राहील. तिचे डोळे गेले तरी कान शाबूत आहेत, तेव्हा संध्याकाळी फोनवरून हरिपाठ म्हटला तर तिला कळेल का, असे परवा मला विचारत होते.