पंपाखालचं भोक

७ एप्रिल २०२४, सातारा
पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि पाऊण तास नुसता उभा राहिलो. तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, हे अण्णांनी त्यांच्या याच गाडीपाशी शिकवलं होतं. गार झाल्यावर दीड लिटर पाणी आत गेलं.

९ एप्रिल, पाडवा
गाडीला हार घालायला गेलो तर रेडिएटरच्या मागे फरशीवर ओल.
आई म्हणाली, "रेडिएटर गेला का रे?"
रेडिएटर कोरडा आहे. फॅनचं पातं धरून हलवलं तर अख्खा फॅन डुलतो. आमच्या या पद्मिनीत फॅन पाण्याच्या पंपाच्याच शाफ्टवर बसतो. पंपाचं बेअरिंग पुरतं सुटलं की पाती जाऊन रेडिएटरची जाळी फाडणार. ब्लॉक बिडाचा असला तरी हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, एकदा जोरात तापलं की वाकतं. गाडी आता हलवायची नाही.
खाली परात ठेवली, वर फळी. कूलंट चवीला गोड असतो आणि विषारी. गल्लीतली मांजरं चाटायला येतात.
एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. पंपाचं सील झिजलं की पाणी पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून ठिबकायला हवं. इथे ते पुलीच्या मागून, शाफ्टच्या कडेने येतंय.

१३ एप्रिल
सकाळच्या एसटीने पुणे. नाना पेठेत तिसऱ्या दुकानात पंप मिळाला. दुकानदार काका म्हणाले, "मुंबईत टॅक्स्या होत्या तोवर हा माल ठेवायला परवडायचं." शेवटची पद्मिनी टॅक्सी गेल्या ऑक्टोबरात उतरली, तेव्हा मी फक्त हळहळलो होतो. कुर्ल्यात बनलेल्या गाडीचे सुटे भाग मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर साताऱ्यापर्यंत पोचत होते, हे आज कळलं.
जुन्या पंपात बसवायचं किटही त्यांनी दाखवलं. बेअरिंग डुलत असताना नुसतं सील बदलण्यात अर्थ नाही. पूर्ण पंपच घेतला. दुकानातच हाताने फिरवून पाहिला, खालचं भोक उजेडाकडे धरून पाहिलं.

१४ एप्रिल
सकाळी सातला सुरुवात. बॅटरीची तार काढली, कॉक सोडून कूलंट टबात घेतला. गंजाने तो चहासारखा झालाय. डायनॅमोचा बोल्ट ढिला करून पट्टा उतरवला, मग फॅन, मग होज. खालचा होज पाइपला चिकटून बसला होता. ओढत बसलो नाही, ब्लेडने उभा चिरला. नवा आणलेला होताच.
पंपाचे बोल्ट सुटले, एक सोडून. त्याच्यावर जोर करायचा मोह होतो, आणि आतल्या आत तुटला तर ड्रिल मारण्यात दोन दिवस जातात. मुळाशी तेल सोडलं, डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिले आणि जेवायला गेलो. दुपारी पुन्हा तेच. आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, असं करत साडेचारला तो कुरकुरत फिरला.
पंप हातात आला तसा उलटा केला. भोक राखाडी पुट्टीने बुजवलेलं.
कुठल्या तरी गॅरेजात, कधी तरी, ठिबकणं 'थांबवून' दिलेलं आहे. अण्णांनी पैसे दिले असतील, आभारही मानले असतील. ते भोक ठेवलेलंच असतं गळायला: सीलमधून सुटलेलं पाणी बेअरिंगपर्यंत जाण्याआधी बाहेर पडावं आणि मालकाला खाली ओल दिसावी, म्हणून. ते बुजवल्यावर पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस धुऊन नेलं, गोळ्या गंजल्या आणि शेवटी पाण्याने पुढून वाट काढली. ज्याने हे केलं त्याला भोक कशासाठी असतं हे ठाऊक असणारच. मला फार राग आला, अजून आहे.
अंधार पडेपर्यंत ब्लॉकवरचं जुनं पॅकिंग खरवडलं. धारदार पातं नको, ओरखड्यातून पुन्हा गळती होते.

१५ एप्रिल
पॅकिंगचा कागद पंपाच्या तोंडावर धरून कडेकडेने गोल तोंडाच्या हातोडीने टिचक्या मारल्या. कागद कडेवर आपोआप कापला जातो. अण्णा असंच करायचे. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरभर दबेल इतका ताणला. निम्मा कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याचे क्षार ब्लॉकच्या वाटांत बसतात. झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भर घालत राहिलो.

२१ एप्रिल
यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. आई शेजारी बसून काट्याकडेच बघत होती. काटा मध्यावर. वर पोचल्यावर बॉनेट उघडलं, बोट घालून भोकाखाली फिरवलं. कोरडं.
जुना पंप पुट्टीसकट फडताळात ठेवला आहे.