म्हातारीचं दुःख

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. साथीतल्या सक्तीचा विषय निघाला की ही म्हण हमखास कुणाच्या तरी तोंडी येते आणि मग माझा पिच्छा सोडत नाही. म्हणणारा सहसा सक्तीच्या विरोधातला असतो. एका घरात पोलीस शिरले, एका रोग्याला उचलून नेलं, एवढ्यानं आभाळ कोसळत नाही, पण सरकारला चटक लागते, असं त्याला सुचवायचं असतं. पुरावाही भक्कम आहे. मुंबईतल्या प्लेगपायी १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, अवघ्या चार कलमांचा. सरकारला हवे ते नियम करण्याची मुभा, न पाळणाऱ्याला शिक्षा, आणि नियम राबवणाऱ्याचा हेतू प्रामाणिक असेल तर त्याच्यावर दावा चालणार नाही याची हमी. रोग्याचा हक्क काय, सरकार त्याचं काय देणं लागतं, याबद्दल मूळ कायद्यात अक्षर नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठी लागू झाला तो हाच कायदा. राज्यकर्ते बदलले, घटना आली, देवीचा रोग देशातून गेला, आणि ही चार कलमं जवळजवळ तशीच कपाटात पडून राहिली. याला सोकावणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

तरी म्हणीचा पहिला अर्धा भाग मला खुपतो. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, असं म्हणतंय कोण? तिची लेक खासच नाही. एरवी हे बोलण्याच्या ओघात खपून जातं, साथीत खपत नाही. कोरोनात सगळ्यात जास्त धोका म्हाताऱ्यांनाच होता. मास्क लावायचा की नाही हे माझं मी ठरवीन, असं धडधाकट माणूस म्हणतो तेव्हा तो स्वातंत्र्याबद्दल बोलत असतो हे खरं, पण त्या स्वातंत्र्याची किंमत शेजारच्या खोलीतली म्हातारी मोजत असते. शिवाय सोकावतं ते फक्त सरकार नव्हे. एका घरानं दडवलेला रोगही सोकावतो आणि आळीभर पसरतो. म्हणजे हीच म्हण सक्तीवाल्यांनाही तितकीच चपखल बसते, आणि जी दोन्ही पक्षांना बसते तिच्या जोरावर निवाडा कसा करायचा?

पुण्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च १८९७ मध्ये रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीनं घरझडतीला गोरे सोजीर लावले. ते स्वयंपाकघरात, देवघरात शिरले, अंथरूण-पांघरूण रस्त्यावर आणून जाळलं, आणि लोक रोगी लपवू लागले, प्रेतंसुद्धा लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आपण ही हकिगत चाफेकरांपाशी संपवतो. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षी प्लेग पुण्यात पुन्हा उसळला. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं ते १८९८ साली. म्हणजे ज्या ज्ञानाच्या जोरावर दारं फोडली गेली, ते ज्ञानच अर्धवट होतं. उलट पुढच्या वर्षांत गावोगावच्या लोकांनी एक खूण हेरली. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. यानं प्राण वाचले, आणि पुढे सरकारनंही हाच उपाय उचलून धरला.

इथे आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. गाव सोडणारा रोगही सोबत नेतो. ज्याला माळावर घटकाभर बसायला जागा नाही, रोजची मजुरी सुटली तर चूल पेटत नाही, त्यानं कुठे जावं? लोकांच्या शहाणपणाचे गोडवे गाताना हा माणूस सोयीस्करपणे विसरला जातो. त्याच्यासाठी सरकार लागतंच.

पण ते दारात यावं कसं, याचा विचार करताना मला मारबत आठवते. आमच्या सावनेरकडे, नागपूरच्या या सगळ्या पट्ट्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती काढतात. नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मोठी मिरवणूक असते. खेड्यात तेवढा थाट नसतो. पोळ्याला दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या पोरं भल्या पहाटे उचलतात, रोगराई, खोकला, ढेकूण, सगळं घेऊन जा गे मारबत, असं ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकतात. त्यानं रोग जात नाही, हे टाकणाऱ्यालाही कळतं. पण प्रत्येक दारातून काहीतरी बाहेर येतं, ते घरचाच हात बाहेर काढतो, आणि सहसा एकही घर सुटत नाही. सक्ती इथेही आहेच. ज्याच्या दारची फांदी तशीच राहिली त्याला गाव बोलल्याशिवाय सोडत नाही. मग सोजिरानं बाहेर काढलेलं अंथरूण आणि पोरानं उचललेली फांदी यांतला फरक नेमका कुठे? माझं उत्तर असं होतं, की उंबऱ्यात उभा माणूस आपला असला की सक्ती सोसते.

पण २०२० साल या उत्तराला पुरतं उभं राहू देत नाही. त्या वर्षी दारात आल्या त्या आशाताई, गावातल्याच, नावानं ओळखीच्या. कुणाला खोकला, कोण परगावाहून आलं, हे विचारत वहीत लिहीत त्या घरोघर फिरल्या. त्यांनाही कुणी शिव्या घातल्या, कुणी त्यांच्या तोंडावर दार लावलं. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले इतके वाढले की त्याच वर्षी १८९७चा कायदा दुरुस्त करून हल्लेखोराला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली. ज्या कायद्यापासून माणसाला वाचवायला हवं असं मी म्हणत होतो, तोच आता दारातल्या बाईला वाचवतो आहे. आणि सरकारनं तिच्या या कोरोनाच्या कामाला लावलेला जादा भत्ता होता महिना हजार रुपये. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा लोकांचा विश्वास ज्यांच्या पायांवर उभा होता त्यांचाच सरकारवर विश्वास उरला नव्हता. ओळखीचा माणूस दारात पाठवावा हे मला अजूनही पटतं. तो माणूस दर वेळी गावातली सगळ्यात कमी पगाराची बाईच का असावी, आणि तिच्या ओळखीवर सक्तीचं ओझं टाकणं ही सक्तीच नव्हे का, याला माझ्यापाशी उत्तर नाही.