कौले उतरली आणि पाऊस आला

वाचकहो, मे महिन्यात तुमच्या गावच्या फाट्यावर एस.टी. थांबते आणि पिशव्या, बोचकी, पोरेबाळे घेऊन जी ‘मुंबईकर’ मंडळी उतरतात, त्यांतलीच मी एक. मुंबईकर म्हणायचे ते आपले गावाने. आम्ही राहतो विठ्ठलवाडीला, कल्याणच्या पुढच्या स्टेशनात. रुळांपासून हाकेच्या अंतरावर दहा बाय बाराची खोली आणि त्याला लागून स्वयंपाकाची चिंचोळी जागा. हे उल्हासनगरात जीनच्या पँटी शिवणाऱ्या एका कारखान्यात कापड कापण्याचे काम करतात, मी घरी शिलाईचे मशीन चालवते. तुम्हांला वाटत असेल, ही माणसे येतात, आंबे खातात, फोटो काढतात आणि जातात. खोटे कशाला बोलू, आम्हीही तेच करीत होतो. २०२५ च्या उन्हाळ्यात मात्र निराळे घडले.

आमचे गाव माळशेज घाट चढून गेले की मढ-पारगावच्या बाजूला, जुन्नर तालुक्यात. नाव सांगत नाही, भाऊबंदांचा मामला आहे. तिथे आमचे पाच खणांचे कौलारू घर. सासूबाई होत्या तोवर नांदते होते. त्या गेल्या आणि मामंजींना आम्ही विठ्ठलवाडीला घेऊन आलो. दोन पावसाळे घर बंद राहिले. बंद घराला काय होते ते तुम्हांला मी सांगायला नको. उंदीर, वाळवी, आणि एक कौल सरकले की त्याखालचा वासा गेलाच म्हणून समजा. पश्चिमेची भिंत पोट काढून उभी होती.

धाकटे भाऊजी पुण्याला असतात. त्यांना गिऱ्हाईक मिळाले होते. माळशेजला पावसाळ्यात हौशी लोक येतात, त्यांच्यासाठी खोल्या बांधायला एकाला जागा हवी होती. भाऊजींचे म्हणणे, पावसात भिंत बसली की भावही बसेल, त्याआधी व्यवहार उरकू. हे गप्प. मामंजी एवढेच म्हणाले, “घर पडलं तर जागा इका. उभं हाये तवर न्हाई.”

मग ठरले की सुट्टीत आपणच घर शाकारायचे. माझ्या भिशीचे चाळीस हजार आले होते, ते मुलीच्या कॉलेजासाठी धरून ठेवले होते. त्यांतले निम्मे काढले. मुलांना कामाचे आमिष म्हणून डोंगर दाखवायचे कबूल केले. आणि मामंजींनी आपली अट घातली: गावी जायचे ते एस.टी.ने घाटातून नाही, नाणेघाट चढून!

त्यांचे वय शहात्तर. मी कपाळावर हात मारून घेतला. पण ऐकतील तर मामंजी कसले! दहा वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर बैलजोडी घेऊन याच वाटेने म्हशाच्या जत्रेला उतरले होते. मुरबाडजवळच्या म्हशाला पौषात जनावरांचा मोठा बाजार भरतो, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. येताना वडिलांनी घेतलेली घोंगडी अजून ट्रंकेत आहे.

यांना रजा मिळायला दोन दिवस अवकाश होता. ते सामान घेऊन मागून येणार होते. मी, मामंजी आणि दोन्ही मुले विठ्ठलवाडीच्या डेपोतून निघालो. एस.टी.त पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीट नाही आणि बायकांना २०२३ पासून अर्धे. मामंजींनी कंडक्टरला आपले कार्ड असे दाखवले की जणू इनामाची सनदच. रायत्याच्या पुलावरून उल्हास नदी, मग मुरबाड, सरळगाव, टोकावडे, असे करीत वैशाखऱ्याला उतरलो. मामंजींच्या जुन्या ओळखीच्या घरी रात्र काढली आणि पहाटे साडेचारला त्या घरचा नातू बरोबर घेऊन चालू लागलो. मे महिन्यात डोंगर चढायचा तर उन्हाच्या आत. माणशी दोन-तीन लिटर पाणी, गूळ, मीठ-साखर, बाकी ओझे नको.

पहिला तासभर जंगलातून वाट सोपी आहे. पुढे दगडी पायऱ्या लागतात आणि चढ अंगावर येतो. शेवटच्या टप्प्यात मामंजी एका धोंड्यावर बसले ते उठेचनात. तोंडाने बोलत नव्हते, नुसती छाती वरखाली होत होती. वर कडा, खाली जंगल, आणि मी एकटी बाईमाणूस. मनात म्हटले, काही बरेवाईट झाले तर दोन्ही भावांना काय तोंड दाखवू? मुलीने त्यांच्या पायांतल्या वहाणा काढून तळवे चोळले, धाकट्याने गुळाचा खडा दिला. वीस-पंचवीस मिनिटांनी ते आपणहून उठले. चढायला धडधाकट माणसाला अडीच-तीन तास लागतात, आम्हांला पावणेपाच लागले.

वरच्या खिंडीतली गुहा तुम्ही पाहिली नसेल तर जरूर पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांची राणी नागनिका हिने तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख कोरून घेतला आहे. भाषा प्राकृत, आपल्या मराठीची आजीच म्हणा. कोणकोणते यज्ञ केले, किती गाई, घोडे, हत्ती दान दिले, याचा आकड्यांसकट हिशेब आहे. कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नर-पैठणकडे जाई. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत असे म्हणतात. हजारांनी गाई दिल्या हे ऐकल्यावर मामंजींनी विचारले, “मंग चारा कोन टाकीत व्हतं?” मला तर उत्तर आले नाही.

रांजणापाशी बसून भाकरी खाताना ते म्हणाले, “सूनबाई, मी मनाशी पन लावला व्हता. चढलो तर गावी ऱ्हाईन. न्हाई चढलो तर इठ्ठलवाडीला गप पडून ऱ्हाईन.”

मी काय बोलणार? म्हातारे माणूस एकटे राहणार म्हणून पोटात गोळा आला. पण त्याच क्षणी हेही मनात आले की आता खोलीत मुलीला अभ्यासाला कोपरा मिळेल. तुम्ही मला नावे ठेवाल. ठेवा. पण एका खोलीत पाच माणसांनी राहून पाहा आणि मग ठेवा.

जीपने घाटघर, जुन्नर, तिथून ओतूरवरून गाव. दोन दिवसांनी हे आले. कामाला लागण्याआधी मुलांना दिलेला शब्द पाळायला हरिश्चंद्रगडही केला, खिरेश्वरवरून तोलार खिंडीच्या वाटेने. चौदाशे मीटरांवरचा गड. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढे गार पाणी आणि चार खांबांतला एकच धड. कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली पाहिले तर डोळे फिरले. हे तर दहा हात मागेच बसून राहिले, वर “मला सगळं दिसतंय” म्हणाले. वाटेत करवंदे भरपूर, आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या त्याहून भरपूर.

आता घराचे. कौले उतरवताना आम्ही ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. मंगलोरी कौल हातात घेऊन बोटाने वाजवावे. खणखणले तर चांगले, बद्द आवाज आला तर आत चीर आहे, मग ते दिसायला कितीही नवे असो. आमची सव्वादोनशे बद्द निघाली. चांगल्या कौलांवरचे शेवाळ नारळाच्या काथ्याने घासून काढावे, नाहीतर ते पाणी धरते. वासे नि रिपा टोच्याने टोचून बघाव्या. वरून धड दिसणारी लाकडे आतून भुसा झालेली असतात. भिंतीत जाणाऱ्या टोकांना जळके ऑईल दोनदा पाजावे. कौलावर थेट पाय देऊ नये, वाशांवर फळी टाकून तिच्यावरून चालावे. आणि लावताना वळचणीकडून आढ्याकडे जावे. हे सगळे आम्ही गावातल्या गवंड्याकडून शिकलो. पण त्याने सांगितलेली एक गोष्ट ऐकली नाही. तो म्हणाला होता, “एका बाजूची एकदम उतरवू नका, दोन-दोन खन करा.” यांना घाई, रजा संपत आलेली. मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा वादळवाऱ्यासह पाऊस झोडपून गेला होता, पण तो वळीव म्हणून सोडून दिला. खरा पाऊस यायला जून उजाडतो, हा जन्मभराचा हिशेब. अठरा तारखेला पश्चिमेची सगळी बाजू उघडी केली.

२०२५ चा मे तुम्ही विसरला नसाल. वीस तारखेपासून जो धरला तो थांबेचना, आणि २६ ला तर पावसाळा मुंबईला येऊन ठेपलाही. नेहमीची तारीख ११ जून! इतक्या लवकर तो तिथे गेल्या पंचाहत्तर वर्षांत आला नव्हता.

वीसच्या संध्याकाळी माळशेजकडून काळेभोर आले आणि अर्ध्या तासात घरात पाणी. मातीची जमीन, मातीची भिंत, वर आकाश. धान्याची पोती आणि सासूबाईंची ट्रंक पलीकडच्या खणात ओढली. मुलगी रडू लागली, हे नुसते उभे. मामंजी भिंतीला हात लावून बसलेले, जशी काही गाय विणार आहे.

एवढ्यात शेजारच्या वहिनी आणि त्यांचा मुलगा भिजत आले. खांद्यावर भली मोठी निळी ताडपत्री. वाशांवरून ती ओढून, दोऱ्यांनी खांबांना बांधून, कडेला धोंडे टांगून अंधार पडायच्या आत त्यांनी पश्चिमेची बाजू झाकली. मी म्हटले, “वहिनी, तुमचे कांदे?” त्यांचे कांदे रानात ढीग लावून ठेवलेले होते, चाळीत भरायचे राहिले होते. त्या म्हणाल्या, “दोन ताडपत्र्या हायेत. एक हाये तिकडं.”

पण ढीगही दोन होते. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, आम्ही सगळी त्यांच्या रानात गेलो तेव्हा. एक ढीग झाकलेला, दुसरा तुराट्या आणि जुनी गोणपाटे टाकलेला, खालून पाणी लागलेले. दिवसभर कांदे उचलून पडवीत पसरले, वारा मिळेल तसे हलवले. तरी निम्म्याच्या वर सडले. राहिलेले त्यांनी ओतूरला मिळेल त्या भावाला घातले. मी दोन हजार रुपये पुढे केले तर त्यांनी माझा हात मागे सारला आणि दोन दिवस नीट बोलल्या नाहीत.

उघडीप मिळेल तशी कौले चढवली. एक कोपरा मी स्वतः लावला आहे. भिंत पडली नाही. तळाशी दगड रचून तिला टेका दिला, आणि वळचणीचे पाणी तिच्यावर उडू नये म्हणून कारवीचा आडोसा बांधला. भाऊजी शनिवारी पुण्याहून पाहायला आले. शिडीवर चढून आढ्यापर्यंत गेले, पाच-सात मिनिटे वर बसून होते. खाली उतरून म्हणाले, “दिवाळीपर्यंत मी विषय काढत नाही.” नाही काढणार असे म्हणाले नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

मामंजी गावी राहिले. शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही तिघे परतलो, हे आधीच कामावर रुजू झाले होते. रोज सकाळी सातला मामंजींचा फोन येतो. चुलीवरच्या बाजूला एक धार गळते, तिथे पातेले ठेवतात. रात्रीच्या जेवणाचा डबा शेजारच्या वहिनीच देतात, त्याचे पैसे मात्र मी कबूल करून घेतले आहेत.

उल्हासनगरच्या बाजारातून मी एक जाड ताडपत्री घेतली आणि गावाकडच्या एस.टी.ने पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, “आमची निळी व्हती. ही हिरवी हाये. पर लांबीला दोन हात जास्त भरली.”