उंबरखिंडीतली माहूरची बाई

माहूरच्या सावित्रीबाईला इतिहासात बोलायला मिळालं ते एकदाच, आणि तेही जिंकलेल्या बाजूच्या काव्यात. १६६१ चा फेब्रुवारी. पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाइस्तेखानानं कारतलबखानाला कोकणात उतरायला धाडलं होतं. लोणावळ्याच्या अंगानं घाट उतरून फौज उंबरखिंडीत शिरली आणि शिवाजी महाराजांच्या माणसांनी पुढून-मागून वाट बंद केली. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात अशा कोंडीत सापडलेला खान एका बाईचा सल्ला घेतो. ती रायबाघन. या रानात फौज घातलीस हेच चुकलं, आता ताठा सोड, शरण जा आणि माणसं वाचव, असं ती त्याला सुनावते. खान ऐकतो. सामानसुमान तिथंच टाकून फौज जिवानिशी सुटते.

ही बाई आमच्या नांदेड जिल्ह्यातली. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घरातली, मोगलांची सरदारीण. रायबाघन हा किताब तिला औरंगजेबानं दिला असं मानतात. तिच्यावर कादंबरी लिहितेय म्हटलं की लोक आधी डोळे मोठे करतात आणि मग हलकेच विचारतात, "पण ती तर तिकडून लढली ना?" हो, तिकडूनच. म्हणून तर लिहायचं.

लातूरला एका महाविद्यालयात मी कच्च्या खर्ड्यातलं एक प्रकरण वाचलं. कार्यक्रम संपल्यावर एक विद्यार्थिनी मागं थांबली. म्हणाली, "मॅडम, ती मनातून महाराजांनाच मानत असणार, नाही का? तसं एखादं वाक्य तरी टाका." मुलगी मनापासून बोलत होती. तसं वाक्य टाकणं अवघड नव्हतं. खिंडीतून सुटल्यावर बाई घोडा वळवते, डोंगराकडं बघून हात जोडते. वाचकाचे डोळे भरून येतील आणि पुस्तक खपेल. पण मग सावित्रीबाई उरते कुठं? हरलेल्या बाजूची बाई आपल्याला आवडायची तर ती आतून आपलीच असली पाहिजे, ही अट मला घालायची नव्हती. सतराव्या शतकातल्या वतनदाराची निष्ठा आधी वतनाशी असायची. खुद्द जिजाऊंचे वडील, सिंदखेडचे लखुजी जाधव, काही काळ मोगलांकडं होतेच. त्यांना समजून घ्यायला आपल्याला जड जात नाही. माहूरच्या बाईला तेवढी सवलत का नसावी?

लातूरमधलीच माझी एक मैत्रीण ख्रिस्ती आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि घरातलं पवित्र शास्त्र पुढ्यात ठेवलं. म्हणाली, "शास्ते वाच, चौथा आणि पाचवा अध्याय." दबोरा नावाची बाई ताडाच्या झाडाखाली बसून लोकांचे निवाडे करते. सेनापती बाराक तिच्याशिवाय लढाईला निघत नाही. समोर सीसराचे नऊशे लोखंडी रथ, आणि कीशोन नदीच्या पाण्यात त्या सैन्याची वाताहत होते. पळालेल्या सीसराला याएल आपल्या तंबूत घेते आणि मेख ठोकून मारते. पुढं दबोराचं विजयगीत येतं. त्या गीताच्या अखेरीला शत्रूची आई खिडकीशी उभी आहे, मुलाचा रथ अजून का येत नाही म्हणून विचारते आहे. गाणारीला तिची दया आलेली नाही, उलट टोचून बोलण्याचाच सूर आहे. पण हजारो वर्षांनी वाचताना मला सगळ्यात जवळची वाटली ती ती आई. जिंकणाऱ्यांच्या गाण्यात हरणाऱ्यांची बाई टिकून राहते. परमानंदांनीही तेच केलं आणि माझी सावित्रीबाई वाचली. पुढचं काम कादंबरीचं.

कागद थोडे आहेत, पण आहेत ते चांगले आहेत. उदारामाचं चरित्र 'मासिर-उल-उमरा' या फारसी चरित्रकोशात येतं. तो अठराव्या शतकात शाहनवाजखानानं रचला, आपल्याच औरंगाबादेत. बापाविरुद्ध बंड करून पळत असलेल्या शाहजहाननं १६२३ मध्ये गोवळकोंड्याकडं जाताना हत्ती आणि जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या हवाली केलं, हा मजकूर वाचला आणि मी वही बाजूला ठेवून सरळ माहूरची एसटी धरली.

किनवट सोडलं की सागाचं रान लागतं. माहूरला मी गडावर रेणुकामायचं दर्शन घेतलं, तांबूल घेतला. खलबत्त्यात विडा कुटणाऱ्या म्हातारीला विचारलं, "मावशी, रायबाघन ठावी आहे का?" ती म्हणाली, "कोन? इथं समद्या बाया रेणुकामायच्याच व्हत्या, माय." मग किल्ल्यावर गेले. डोंगराला पैनगंगेचा वेढा, खाली दाट झाडी. तिथं फिरताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: हत्तींना चारा कोण घालत असेल? एक हत्ती दिवसाला दीड-दोनशे किलो चारा सहज फस्त करतो, पाणी वेगळं. उन्हाळ्यात एवढं पाणी गडावर कुणी चढवलं? शेजारच्या गावांतून कडबा कुणी ओढून आणला, आणि त्याबद्दल गावकऱ्यांनी देशमुखांना मनातल्या मनात काय म्हटलं? या प्रश्नांतून माझं पहिलं प्रकरण उभं राहिलं. सावित्री त्यात नुकती नांदायला आलेली पोर आहे आणि दुसऱ्याच्या भांडणातले हत्ती तिच्या घरचं धान्य-पाणी खाताहेत. तिला मी त्या साली तिथं ठेवलं, कारण कोणताही कागद त्याच्या आड येत नाही. माझा नियम एवढाच. कागद बोलतो तिथं मी गप्प बसायचं. तो गप्प आहे तिथं तिचं घर, तिची भूक, तिचा राग उभा करायचा.

या हिशेबानं उंबरखिंडीत ती पन्नाशीच्या पुढं-मागं येते. घाट उतरताना घोड्यावर तिचे गुडघे भरून आलेत. आणि ती ब्राह्मण विधवा आहे. इथं मी पुष्कळ अडले. चित्रांतल्या वीर स्त्रिया पाहा, सगळ्यांचे केस मोकळे नाहीतर खोप्यात मोती. सावित्रीबाईच्या डोक्यावर केस ठेवायचे की नाहीत? मी ठेवले नाहीत. लाल आलवणाची पट्टी कपाळापासून मानेपर्यंत घट्ट गुंडाळलेली आणि तिच्यावर लोखंडी शिरस्त्राण. कोकणातल्या दमट उन्हात ते तापतं, पट्टी घामानं भिजते, काठ कातडीला काचतो. दासी हळूच बोट घालून कापड सैल करते, तेव्हा बाईला बरं वाटतं आणि त्याच क्षणी पुढून आरोळी येते. एका जाणकार वाचकानं हे बीभत्स आहे म्हणून गाळायला सांगितलं. मी गाळलं नाही. त्या काळच्या धर्मानं तिला केस काढायला लावले आणि त्याच काळच्या राजकारणानं तिच्या डोक्यावर लोखंड चढवलं. दोन्ही एकाच डोक्यावर होतं, तर ते एकाच वाक्यात यायला हवं.

खोपोलीजवळ अंबा नदीच्या पात्रात उंबरखिंडीचं स्मारक आहे. मी गेले तेव्हा पाण्याला ओढ नव्हती, दगड उघडे पडले होते. दोन्हीकडची झाडी इतकी अंगावर येते की आवाज कुठून आला ते कळत नाही. तिथं उभं राहिल्यावर मला तिचा सल्ला शरणागतीचा वाटेना. आयुष्यभर माणसांची आणि जनावरांची पोटं मोजलेल्या बाईनं केलेला तो हिशेब आहे. आजच्या दिवसात किती मरतील, आणि ते मेल्यावर माहूरला कुणाकुणाच्या घरी काय सांगायचं. खानाला तो हिशेब येत नव्हता, कारण ती गावं त्याची नव्हती.

ना. सं. इनामदारांनी 'शिकस्त'मध्ये पानिपतानंतरच्या पार्वतीबाईला केंद्रस्थानी आणलं, तेव्हापासून मराठी वाचकाला हरलेल्या दिवसातली बाई ओळखीची आहे. पण पार्वतीबाई आपल्या बाजूची होती. सावित्रीबाईसाठी वाचकाला आणखी एक पाऊल पुढं यावं लागेल, आणि तो येईल असं मला मनापासून वाटतं. लातूरच्या त्या मुलीला मी पुढचं प्रकरण पाठवलं. तिचा फोन आला. हात जोडण्याचा विषय तिनं काढलाच नाही, विचारलं ते वेगळंच: "मॅडम, खिंडीत टाकलेल्या घोड्यांचं पुढं काय झालं? तिला भरून द्यावे लागले असतील ना?"

मोगल मनसबदाराच्या घोड्यांना डाग द्यायचे, हजेरी व्हायची, आणि पगार त्यावर ठरायचा. म्हणजे प्रश्न अगदी रास्त होता. आता शेवटचं प्रकरण मी त्यावरच लिहिते आहे. पुण्याच्या छावणीत सावित्रीबाई कारकुनासमोर बसली आहे. कुठला घोडा घाटात लंगडा झाला, कुठला खिंडीत सोडून द्यावा लागला, कोणता स्वार कुठल्या गावचा, हे ती एकेक करून सांगते. कारकुनाला फक्त आकडा हवा आहे. ती नावं सांगत राहते. प्रकरण लांबत चाललंय आणि मी ते लांबू देते आहे.