करावे : बापाचा उंबरा पाच मिनिटांवर

मंडळी, मुंबईला लेकीकडे किंवा दवाखान्याच्या कामाला गेलात आणि एखादी दुपार मोकळी मिळाली, तर पनवेलच्या लोकलने सीवूड्स-दारावे-करावे स्टेशनवर उतरा. समोरच्या झगमगाटात अडकू नका. करावे गाव विचारत खाडीच्या अंगाला चालू लागा. गल्ल्या अरुंद झाल्या, मासळीचा वास आला, की समजा गाव आले.

गाव आगरी-कोळ्यांचे. आगर म्हणजे मिठागर. खाऱ्या जमिनीला बांध घालून भात काढायचा, एरवी मीठ आणि मासळी, हा या पट्ट्याचा जुना संसार. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. त्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. जमिनीचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको, म्हणून एवढेच सांगतो.

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत इथल्या चिखलात रोहित पक्षी उतरतात, म्हणजेच फ्लेमिंगो. ते पाहावेतच. पण मला गाव लक्षात राहिले ते एका बाईमुळे.

आदल्या दिवशी आम्ही घारापुरी पाहून आलो होतो. ते बेट इथून फार दूर नाही. लेण्यात शिवपार्वतीच्या लग्नाचे शिल्प आहे, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे. पार्वती खाली मान घालून उभी, आणि मागे तिचा बाप हिमवान, लेकीला पुढे करणारा. आमच्या घरची मंडळी तिथून हलेचना. म्हणाल्या, "मागच्या जन्मी हे सुख कुठे होते तिला?" खरेच. मागच्या जन्मी ती सती होती, दक्षाची लेक. बापाला जावई पसंत नव्हता. यज्ञाला सगळ्यांना बोलावणे गेले, हिला नाही. नवरा नको म्हणत असता ती माहेरी गेली, तिथे नवऱ्याची निंदा ऐकली आणि देह टाकला. कथेत सगळे दक्षाच्या गर्वाविषयी बोलतात. बोलावणे नसताना त्या पोरीचा पाय माहेरी का वळला, हे मात्र बायकांनाच कळते.

करावे गावात चिंबोऱ्या घेताना हीच गोष्ट निघाली. विकणारी मावशी साठीची असेल. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"मी पन तशीच गेलेली बाय," ती घरच्यांना म्हणाली, "दुसऱ्या जातीच्या मानसाबरोबर. बापाचा घर त्या पलीकडचे गल्लीन. चालत गेला त पाच मिंटा. मना त्या उंबऱ्यावर जायाला बावीस वरसा लागली. तवर बाबा नव्हता."

"मग कशा गेलात?"

"भावांनी बोलावला. प्लाटाचे कागदावर सही पायजे व्हती."

हक्कसोड. तुमच्याआमच्या गावात काय वेगळे होते? २००५ च्या कायद्याने लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला, हे तिला ठाऊक होते. शेजारणींनी सांगितलेही होते, करू नको सही.

"केलीत?"

"केली. आयनं चा ठेवला व्हता ना माझ्यासाठी. कपबशीत." मग जरा थांबून म्हणाली, "नवरा चांगला हाय माझा. त्याचा कदी वाईट वाटला नाय."

मला कायद्याचे दोन शब्द बोलावेसे वाटले होते. घरच्यांनी डोळ्यानेच गप्प बसवले.

निघताना तिने विचारले, "त्या दगडान बाप खराच मागं हुबा हाय?"

आहे म्हटले. लाँचचे भाडे किती, सोमवारी लेणी बंद असतात का, हेही तिने विचारून घेतले. बंद असतात, तुम्हीही ध्यानात ठेवा. मग तिने आमच्या पिशवीत दोन चिंबोऱ्या जास्तीच्या टाकल्या आणि पैसे घेईना.