रंग सांभाळावा की प्रकाश? ‘प्लॅनार’पासून झूम भिंगापर्यंत

१/
१८९६ साली जर्मनीतील येना येथे, झाइसच्या कारखान्यात, पॉल रुडॉल्फ यांनी छायाचित्रणाचे एक भिंग रचले. त्याचे नाव ‘प्लॅनार’. रंगांची शुद्धता आणि प्रतिमेचा सपाटपणा या दोन्ही कसोट्यांवर त्याची रचना असामान्य होती. तरीही त्या पिढीच्या छायाचित्रकारांत ते फारसे रुळले नाही. सहा वर्षांनी खुद्द रुडॉल्फ यांच्याच नावावर त्याहून साधे भिंग आले. ही माघार कशामुळे घडली आणि आजच्या झूम भिंगाशी तिचा काय संबंध, याचा हा धागा.

२/
काच सर्व रंगांना सारखे वळवत नाही. निळा किरण अधिक वळतो, तांबडा कमी. त्यामुळे एकाच भिंगातून निघालेले रंग एका बिंदूत जमत नाहीत आणि प्रतिमेच्या कडांना रंगीत किनार येते. हे वर्णविपथन. न्यूटनने हा दोष भिंगापुरता असाध्य मानला आणि १६६८ साली आरशाची दुर्बीण घडवली.

३/
न्यूटनचा हा निष्कर्ष पुढे इंग्लंडमध्येच खोटा ठरला. चेस्टर मूर हॉल यांनी आणि त्यांच्यानंतर, १७५८ साली पेटंट मिळवणारे जॉन डॉलंड यांनी क्राउन काचेच्या बहिर्वक्र भिंगाला फ्लिंट काचेच्या अंतर्वक्र भिंगाची जोड दिली. एकीने पसरलेले रंग दुसरीने आवरले, आणि तरीही प्रतिमा जुळवण्याची शक्ती शिल्लक राहिली. रंगाचे दुखणे बरे झाले, पण औषध होते आणखी एक काच.

४/
या औषधाची किंमत निराळ्याच खात्यात पडली. हवा आणि काच जिथे भेटतात, त्या प्रत्येक पृष्ठभागावर साध्या काचेतही सुमारे ४ टक्के प्रकाश मागे परततो. तो दुसऱ्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा पुढे वळतो आणि चित्रावर सांडतो. गडद छाया राखाडी पडतात; सूर्य चौकटीत असेल तर प्रकाशाचे भुताळी ठिपके उमटतात. हाच ‘फ्लेअर’.

५/
कोणतेही दोन पृष्ठभाग मिळून असे एक भूत जन्माला घालू शकतात. म्हणून ६ पृष्ठभागांत १५ जोड्या, ८ पृष्ठभागांत २८, आणि २० पृष्ठभागांत तब्बल १९०. काचा बेरजेने वाढतात, भुते मात्र त्याहून कितीतरी वेगाने.

६/
‘प्लॅनार’मध्ये ६ काचा आणि हवेला भिडणारे ८ पृष्ठभाग होते. त्यातील युक्ती सुंदर होती. सारखाच अपवर्तनांक, पण वेगवेगळे अपस्करण असलेल्या दोन काचा रुडॉल्फ यांनी एकमेकींना चिकटवल्या. त्या सांध्याची वक्रता बदलून रंग हवा तसा सुधारता येई आणि प्रतिमेच्या इतर गुणांना फारसा धक्का लागत नसे. पण बाहेरचे ८ पृष्ठभाग उघडेच होते. परतणाऱ्या प्रकाशाने चित्राचा कस उतरे.

७/
१९०२ साली ‘टेसार’ आले. काचा ४, हवेला भिडणारे पृष्ठभाग ६. ते लहान होते, स्वस्त होते, आणि त्याचे चित्र अधिक ठसठशीत येई. जग त्याच्या मागे गेले. ‘प्लॅनार’चे गणित कुठेच चुकले नव्हते, त्याला लागणारी एक विद्या मात्र अजून जन्मायची होती.

८/
त्या विद्येचा सुगावा इंग्लंडमध्ये लागला होता. जुन्या दुर्बिणींच्या काचांवर काळाने डाग चढत. मालक त्यांना बिघाड समजत. हॅरॉल्ड डेनिस टेलर यांनी पाहिले की अशा डागाळलेल्या काचेतून प्रकाश उलट अधिक जातो. काचेला मुद्दाम तसा गंज चढवण्याचे पेटंट त्यांनी १९०४ साली घेतले. पण प्रत्येक काचेवर सारखा परिणाम साधेना.

९/
१९३५ साली येनातच अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पोकळीत काचेवर अतिसूक्ष्म लेप चढवण्याची पद्धत शोधली. लेपाची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी असली की त्याच्या दोन्ही बाजूंनी परतणारे तरंग एकमेकांना पुसून टाकतात. जर्मन लष्कराने हा शोध गुप्त ठेवला. पॉल रुडॉल्फ त्याच वर्षी निवर्तले.

१०/
झूम भिंगाचे दुखणे ‘प्लॅनार’हून बिकट. त्यात काचांचे गट पुढे-मागे सरकतात. एका गटाचा रंगदोष दुसऱ्याने सावरायचा म्हटले, तर गट हलताच तो हिशेब मोडतो. म्हणून प्रत्येक सरकता गट बव्हंशी स्वतःपुरता रंगशुद्ध असावा लागतो. म्हणजे गटागणिक निदान दोन काचा. लेपापूर्वीही झूम भिंगे झाली, उदाहरणार्थ चित्रपटासाठीचे १९३२ चे ‘कुक व्हॅरो’. पण ३५ मिमी स्थिरचित्र कॅमेऱ्याचे पहिले झूम, ३६–८२ मिमीचे ‘झूमार’, १९५९ साली आले. काचा १४.

११/
लेप नसलेले २० पृष्ठभाग ओलांडून जेमतेम ४४ टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो. परावर्तन दीड टक्क्यावर आणले तर सुमारे ७४ टक्के, अर्ध्या टक्क्यावर आणले तर ९० टक्के. रंगशुद्धीसाठी आणखी एक काच घालावी की नाही, हा निर्णय या आकड्यांवर ठरतो. दोन काचा चिकटवल्या तर मधले परावर्तन जवळपास नाहीसे होते. पण दोघींना एकच वक्रता वाटून घ्यावी लागते आणि दोष सुधारण्याचे एक स्वातंत्र्य जाते.

१२/
लेपही रंगाच्या तावडीतून सुटला नाही. एकेरी लेप मधल्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला नेमका बसतो. तांबडा आणि निळा थोडा परततोच. जुन्या भिंगांची जांभळी झाक हीच. मात्र मॅग्नेशियम फ्लोराइडचा लेप १.५ अपवर्तनांकाच्या काचेपेक्षा १.७ च्या जड काचेवर अधिक चांगला बसतो. उघडी असताना जास्त प्रकाश परतवणारी काचच लेपानंतर अधिक शांत होते. १९७१ साली ‘पेंटॅक्स’ने सात थरांचा लेप आणला आणि सारेच रंग बरेच आवरले.

१३/
लेप आल्यावर ‘प्लॅनार’चे घराणे परतले. युद्धोत्तर काळातील मोठ्या छिद्राची असंख्य ५० मिमी भिंगे त्याच वंशातली. रुडॉल्फ यांना आठ पृष्ठभाग जड झाले होते. आजचे झूम भिंग त्याच्या कितीतरी पट पृष्ठभाग निर्धास्तपणे वागवते. तरीही सूर्य चौकटीत येताच एखादे भूत डोकावते. रंग आणि प्रकाश यांचे ते जुने देणे-घेणे अजून चुकते झालेले नाही.