आधीं कोणी पुसावें?

नातवाच्या प्लेस्टेशन ५ या खेळयंत्रांतील जागा भरली. आंत आणखी एक एसएसडी बसवावी काय, असा प्रश्न आमच्या आर्वीच्या घरीं उपस्थित झाला. सेवाग्रामच्या बापूकुटींतील मोजकें सामान दाखवून विद्यार्थ्यांस अपरिग्रह शिकविण्यांत आमचा जन्म गेला. आम्हीं तत्काळ निर्णय दिला : "जुने खेळ पुसून टाक!"

नातवानें नम्रपणें हिशेब मांडला. यंत्रांत ८२५ गिगाबाइट. पैकीं वापरावयास सुमारें ६६७. कांहीं खेळ एकटेच शंभरावर जागा अडवितात. खेळ पुसला तरी खेळाडूची प्रगति जपून राहते; पण तो पुन्हा उतरविण्यास आमच्याकडील इंटरनेटला रात्र पुरत नाहीं. एसएसडी बसविण्याची सोय २०२१ पासून आहे. परंतु ती अतिवेगवान व उष्णता-शोषक पट्टीसह हवी, म्हणजे महाग. घरांतील जुनी यूएसबी डिस्क जोडल्यास प्लेस्टेशन ५ चे खेळ तिच्यावरून खेळतां येत नाहींत; मात्र माळ्यावरील सणाच्या पातेल्यांप्रमाणें तिच्यांत ठेवतां येतात, व लागतील तेव्हां खालीं आणतां येतात.

"मग तीच जोड!" आम्ही म्हणालों.

"आजोबा, जोडतांना तिच्यांतील सर्व पुसलें जातें. आणि तिच्यांत तुमचे संस्कृत पाठ आहेत."

आमचा अपरिग्रह तेथें थबकला.

दोन रात्री आम्हीं आमचाच आवाज ऐकला. बहुतेक पाठांत पुनरुक्तीच होती. बारा निवडून दुसरीकडे ठेविले. बाकीचे नातवाच्या हातून पुसविले. एसएसडी तूर्त आणावयाची नाहीं, हा निर्णय मग त्यासहि कठोर वाटला नाहीं.